करवंदाचं सॉर्बे दगड का होतं?

मे महिन्यात भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर होतात, पाठोपाठ जांभळं येतात आणि त्याच सुमाराला पुण्या-मुंबईचे पाहुणे गावी उतरतात. 'डोंगरची काळी मैना' द्रोणातून खायची ती खायचीच, पण घरात फ्रीज आहे म्हटल्यावर तिचं गारेगार सॉर्बे करून बघावंसं वाटतंच. पहिला प्रयत्न बहुधा दगड होतो. मग कुणी फ्रीजरला नावं ठेवतं, कुणी 'मशीन नाही, क्रीम नाही, दुसरं काय होणार' म्हणून मोकळं होतं. चूक असते साखरेच्या मापात. साखर फक्त गोडीसाठी घालतात, हा इथला मूळ गैरसमज.

शुद्ध पाणी 0 अंश सेल्सियसला गोठतं. त्यात साखर विरघळली की ते आणखी खाली गेल्यावर गोठतं. 1 लिटर पाण्यात 342 ग्रॅम साखर असेल तर जेमतेम 1.9 अंश खाली. एवढ्याशा फरकानं काय होणार, असं वाटेल. पण थोडं पाणी बर्फ झालं की उरलेल्या पाण्यात साखर दाटत जाते आणि ते गोठायला अधिकाधिक थंडी लागते. म्हणूनच उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्येही बर्फाच्या कणांमध्ये थोडा पाक पातळच राहतो, आणि चमचा आत शिरतो तो त्याच्यामुळे. फळाची स्वतःची आणि वरून घातलेली साखर मिळून एकूण मिश्रणाच्या 25 ते 30 टक्के असावी. पिकलेल्या रायवळ आंब्यात साधारण 15 टक्के साखर धरली, तर किलोभर गाळलेल्या रसाला 150 ग्रॅम पुरते. करवंद आंबट, त्याच्या किलोभर गराला 250 ग्रॅमपर्यंत लागेल. गोठवण्याआधी मिश्रण जिभेला जरा जास्तच गोड लागायला हवं, कारण गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते.

यावर रास्त आक्षेप येतो: एवढी साखर कशाला, अर्धी घालू किंवा बिनसाखरेची गोडी वापरू. स्टीव्हियासारखी गोडी चिमूटभरच पडते, त्यामुळे चव येते, पण गोठणबिंदू हलत नाही आणि वाटीत गोड दगड उरतो. मध चालतो, त्यातली ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तेवढ्याच वजनाच्या साखरेपेक्षा गोठणबिंदू जवळजवळ दुप्पट उतरवतात. तरीही ती साखरच. मधुमेह्यांनी माप बिघडवण्यापेक्षा वाटी लहान घ्यावी, नाहीतर करवंदं तशीच खावीत.

मशीनचं काम एवढंच की मिश्रण गोठताना सतत हलवून बर्फाचे कण बारीक ठेवायचे. तेच काम पसरट स्टीलच्या डब्यात काट्यानं होतं. कडेला बर्फ धरू लागला की दर अर्ध्या तासानं तो खरवडून मध्ये ढकलायचा, तीन-चार वेळा. करवंदं हातानं कुस्करून चाळणीवर घासली की बिया वर राहतात आणि जांभळट दाट गर खाली उतरतो. त्यात पेक्टिन भरपूर असल्यानं क्रीमची उणीव भासत नाही. भांडी मात्र अॅल्युमिनियमची नकोत, आंबट रस त्यांना लागतो.

शेवटचा गैरसमज अंगाशी येणारा आहे: गोठलं की जंतू मरतात. थंडीनं त्यांची वाढ थांबते, बरेचसे जगतात आणि वितळल्यावर पुन्हा वाढू लागतात. म्हणून फळं धुवायचं पाणी पिण्याचंच हवं आणि पाक उकळून गार केलेला. वीज गेली आणि सॉर्बे पुरतं वितळून तासन् तास तसंच राहिलं, तर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या. बाहेरून बर्फ आणणार असाल तर त्याचा रंग आधी पाहा. महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे. तसा बर्फ डबा गार ठेवायला चालेल, पाहुण्यांच्या पेल्यात नको.