माशाचे तेल आणि हृदयाचा ताल

मुलांनो, मनगटावर बोटे ठेवून आपली नाडी पाहा. घरी तुम्ही तिला नब्ज म्हणता. ती कशी एका तालात चालते! हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र अनेकांचा हा ताल काही दिवस बिघडतो. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. मग रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाण्याची भीती असते.

माशाच्या तेलाने हा त्रास टळेल, अशी बऱ्याच डॉक्टरांना आशा होती. अमेरिका, इटली व अर्जेंटिना येथील १५१६ रोग्यांवर प्रयोग झाला. निम्म्यांना माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या ऑलिव्ह तेलाच्या. कोणाला काय मिळाले, हे रोग्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते! असे का केले? कारण मनात आशा असली, की नसलेला गुणही दिसू लागतो.

२०१२ साली निकाल आला. ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांत शंभरांपैकी सुमारे ३१ जणांचा ताल बिघडला, माशाचे तेल घेणाऱ्यांत ३० जणांचा. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पुढे तर असे आढळले, की हे तेल जास्त प्रमाणात वर्षानुवर्षे घेतल्यास काहींना हाच त्रास उलट होऊ शकतो.

ताटातल्या बांगड्याला मात्र बोल लावू नका. हा प्रयोग कॅप्सूलचा होता.