सायकल, फेरीबोट आणि दिवाडी

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत रोज सायकलने जाणाऱ्या माझ्यासारख्याला बेटांवर एकट्याने फिरायचं असेल, तर गोव्यातली दिवाडी आणि चोडण ही मांडवीतली बेटं गाठावीत. नगरहून गोवा एक्सप्रेस आहे. सायकल सामानाच्या डब्यात बुक करा. गोव्यात मांडवीकाठच्या रायबंदरहून फेरीबोटीने काही मिनिटांत दिवाडी.

सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर देव पलीकडे नार्व्याला नेला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दिवाडीहून फेरीने नार्वे जरूर करा. चोडणला धक्क्याजवळच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, अवघं 1.78 चौरस किलोमीटरचं, सगळी खारफुटी.

दिवाडीत खाजन (खारट जमिनीच्या) शेतांच्या बांधावर माझं मागचं चाक पंक्चर झालं. पॅच होता, पंप बिघडलेला. समोरच्या घरातल्या काकांनी न विचारता पंप आणला आणि ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे शोधले. आजींनी तोवर पान वाढलं होतं: उकड्या तांदळाचा भात, हुमण (माशांची आमटी), सोलकढी. मी निघायची घाई करू लागलो, तर म्हणाल्या, "पयलीं जेव, मागीर वच." पैसे विचारले तेव्हा काका फक्त हसले आणि टायर अंगठ्याने पुन्हा एकदा दाबून बघितला.