प्रतिपिंड-चिकित्सा, कोकेन व्यसनावरील
कोकेनचा रेणू रक्तातच बांधून ठेवून त्याचा मेंदूवरील परिणाम रोखण्याची प्रायोगिक उपचारपद्धती. हा रेणू अतिशय लहान असल्याने शरीर एरव्ही त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करीत नाही. म्हणून लस तयार करताना तो मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात. लशीमुळे निर्माण झालेले प्रतिपिंड कोकेनला चिकटले की तो संयुक्त रेणू आकाराने मोठा असल्याने मेंदूत शिरू शकत नाही व नशा मंदावते. सर्पदंशावर घोड्याच्या रक्तरसातील तयार प्रतिपिंडे देतात. त्याच धर्तीवर कोकेनविरोधी तयार प्रतिपिंडे टोचण्याचे प्रयोगही झाले आहेत.

अमेरिकेतील २००९ च्या चाचणीत लस टोचलेल्यांपैकी केवळ ३८% व्यक्तींत प्रतिपिंडांची पातळी पुरेशी आढळली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०० व्यक्तींवरील चाचणीतही अपेक्षित यश मिळाले नाही.

प्रतिपिंड ठरावीक द्रव्यालाच ओळखते, ही या पद्धतीची मोठी मर्यादा होय. पुणे जिल्ह्यात शिरूरलगतच्या दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये मेफेड्रोनचा मोठा साठा जप्त केला. रासायनिक रचना भिन्न असल्याने कोकेनविरोधी प्रतिपिंडे मेफेड्रोनपुढे निरुपयोगी ठरतात. शिवाय नशा रोखली, तरी तल्लफ व तिच्यामागील मानसिक कारणे कायम राहतात. त्यामुळे ही लस यशस्वी झाली, तरी समुपदेशन, कुटुंबीयांचा सहभाग व पुनर्वसन यांची गरज राहीलच. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे कार्य याच दिशेचे आहे.