झरपटच्या काठचा गाडीतळ

चंद्रपूरच्या महाकालीवर लिहिणारे बहुतेक जण हिराई राणीपासून सुरुवात करतात. मला ओढ आहे ती देवळाबाहेरच्या गाड्यांची. चैत्रात नांदेड, परभणी, हिंगोलीकडून आणि तेलंगणातून जी माणसे येतात, त्यांतली कितीतरी शहरात लॉज शोधत नाहीत. ट्रॅक्टरची ट्रॉली, टेम्पो, ट्रक हेच त्यांचे बिऱ्हाड. चाकांना दगड लावायचे, ताडपत्री ताणायची, ट्रॉलीखालच्या सावलीत म्हातारी-पोरे झोपवायची आणि बाजूला तीन दगडांची चूल मांडायची. पूर्वी हाच संसार बैलगाडीत असे. गाडी बदलली, राहण्याची रीत तीच राहिली.

गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा, झरपट नदीच्या पाण्याने बरे झालेले त्याचे अंग, अचलेश्वराचे देऊळ ही कथा सर्वांना ठाऊक आहे. देवळाच्या आख्यायिकांमधली एक मात्र सहसा कोणी सांगत नाही. देवगडच्या राजपुत्राला हरवून चंद्रपूरचा गोंड राजा बीरशहा याने त्याचे मुंडके देवीपुढे ठेवले आणि त्याची दगडी प्रतिकृती देवगडच्या दिशेने तोंड करून शिखरावर बसवली, असे सांगतात. हाच बीरशहा 1704 मध्ये मारला गेला आणि त्याची विधवा हिराई हिने पुढे 1719 पर्यंत कारभार पाहिला. आजचे देऊळ तिच्याच नावावर सांगितले जाते. असे हे गोंड राजांचे दैवत. मग त्याच्या यात्रेला गर्दी मराठवाड्याची का?

उत्तर शोधताना मला एक सरकारी विक्षिप्तपणा सापडला. वर्धा नदीपलीकडचा राजुरा तालुका निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठी मुलूख म्हणून तो मुंबई राज्यात आला आणि चक्क नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. नांदेडहून राजुऱ्याला जायचे तर वाटेत आदिलाबादचा मुलूख लागतो. तरी कागदावर जिल्हा एकच! 1959 मध्ये राजुरा चंद्रपूरकडे आला आणि हा अध्याय संपला. फायलींतली ही तीन वर्षे कोणाच्या लक्षात नाहीत. पण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते : गोदावरीकाठ ते वर्धाकाठ हा पट्टा दीर्घकाळ निजामाच्या एकाच राजवटीत होता आणि चांदा, म्हणजे चंद्रपूर, त्याच्या अगदी उंबरठ्यावर, नदीपलीकडे. भाविकांची वाट राज्यांच्या सीमांहून जुनी असावी, असे मला वाटते.

मग रेल्वे आली तरी गाड्या का टिकल्या? बल्लारशाहवरून जाणारा मोठा लोहमार्ग उत्तर-दक्षिण धावतो. नांदेडकर येतो पश्चिमेकडून. मुदखेडहून निघालेली रेल्वे आदिलाबादला पोचून कित्येक वर्षे तिथेच थांबली होती. शिवाय आख्खे गाव, भांडीकुंडी, नैवेद्याचे सामान आणि पोतराज घेऊन जायचे, तर स्वतःच्या गाडीइतके सोयीचे दुसरे काय? रेल्वेच्या डब्यात चूल पेटवता येत नाही.

2021 मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडीतच राहणाऱ्या पर्यटकांसाठी पाणी, वीज, शौचालय असलेले तळ व्हावेत, ही त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम आहे. फक्त ती आपल्याला नवी वाटते, याचे मला हसू येते. ताडोबाला येणारा गाडीत झोपला तर तो पर्यटक आणि महाकालीला येणारा झोपला तर ती गर्दी, असा हा हिशेब. यात्रेत नगरपालिका पूर्वी आणि महानगरपालिका आता तात्पुरती सोय करते, हे खरे. पण दरवर्षी ठरल्या तिथीला येणाऱ्या पाहुण्यांची सोय तात्पुरती का असावी? चाळिशीपार गेलेल्या उन्हात त्यांना कायमची झाडे हवीत, कायमचे नळ हवेत आणि अंघोळीला उतरावे असे वाटेल इतकी स्वच्छ झरपट हवी. धोरणातला पहिला गाडीतळ इथेच आखला, तर सरकारला गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागणार नाही.