धावणाऱ्याचा श्वास व स्नायूंतील लॅक्टेट

परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत प्रथम क्रमांक मिळविला. अशा धावण्यात स्नायूंत काय घडते, ते आम्ही येथे सांगतो.

वेग वाढला म्हणजे स्नायूंतील शर्करेपासून लॅक्टेट अधिक बनते. हवेत प्राणवायू शेकडा २१ भाग असतो. परभणीहून पुष्कळ उंच, २,२४० मीटरांवरील मेक्सिको शहरीही प्रमाण हेच. परंतु तेथे हवा विरळ, म्हणून श्वासागणिक प्राणवायू सुमारे पाऊणपटच मिळतो व त्याच वेगाने धावता रक्तात लॅक्टेट अधिक साठते. प्राणवायू अधिक मिळाल्यास ते कमी साठते.

तथापि लॅक्टेट हे विष नव्हे. हृदय व स्नायू तेच इंधन म्हणून वापरतात. विश्रांतीनंतर सुमारे तासाभरात ते ओसरते. दुसऱ्या दिवशीची पायदुखी त्याच्यामुळे नसून अनभ्यस्त श्रमांमुळे असते. म्हणून, बालमित्रांनो, तिला भिऊन मैदान सोडू नका. अभ्यास हळूहळू वाढवा.