वृद्धाश्रमातील ज्येष्ठांना होणारे बेडसोर : काळजी, उपचार आणि मिळणारी मदत

बेडसोर म्हणजे शय्याव्रण. माणूस तासन्‌तास एकाच कुशीवर पडून राहिला, की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरू लागते. माकडहाड, टाचा, खुबा, घोटा या जागा आधी जातात. अर्धांगवायू, खुब्याचे फ्रॅक्चर किंवा विस्मृती असलेल्या आजी-आजोबांना धोका सर्वाधिक.

भेटीला जाल तेव्हा काय पाहाल?

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनात उतरून आई-वडिलांना भेटायला जाणारे असोत की रोज संध्याकाळी आश्रमात डोकावणारे, विचारपूस करून परतू नका. पांघरूण बाजूला करून पाठ आणि टाचा पाहा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावरही पांढरा पडत नसेल, तर ती पहिली पायरी समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तेथे जांभळट छटा, आजूबाजूपेक्षा गरमपणा किंवा टणकपणा हाताला जाणवतो. या टप्प्यावर दाब काढला तर जखम होणे बहुधा टळते. दुसऱ्या पायरीत कातडी सोलते, तिसरीत खड्डा पडतो, चौथीत स्नायू वा हाड उघडे पडते. तेथून भरून यायला महिने लागतात.

उपाय कोणता?

साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंश कलते ठेवावे. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी. रुग्णाला ओढू नका, चादरीने उचलून सरकवा. खुर्चीत बसणाऱ्यांनाही अर्ध्या तासाने थोडे हलवावे. हवेची गादी उपयोगी आहे, पण ती आणली म्हणून कूस बदलणे थांबवू नये. ही चूक फार होते. ओले डायपर लगेच बदला. जेवणात डाळ, दूध, अंडे वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवा.

लाल जागेवर मालिश करू नका, मधे भोक असलेली रिंग-उशी देऊ नका. जखमेत हळद, पावडर, स्पिरिट घालू नका. सलाईनने धुऊन परिचारिका सांगेल ते ड्रेसिंग करावे. ताप, दुर्गंधी, पू किंवा काळी पडलेली कातडी दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कोणत्या योजनेतून मदत मिळते?

७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट नसताना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार. आधार ई-केवायसी करून कार्ड काढता येते. मात्र हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते, रोजच्या ड्रेसिंगसाठी नाही. दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आयुष्मान मित्राकडून आपला उपचार योजनेत बसतो का, ते विचारून घ्या. चौकशी : १४५५५.

राष्ट्रीय वयोश्री योजनेत ६० वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्यांना शिबिरात तपासणीनंतर व्हीलचेअर, सिलिकॉन फोमची उशी अशी साधने मोफत मिळतात. ही उशी बसण्यासाठी आहे, पलंगावरच्या गादीऐवजी नव्हे. महाराष्ट्रातील ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३,००० रुपये एकदाच थेट बँक खात्यात जमा होतात.

घरी सांभाळणे अशक्य असलेल्या निराधार, अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांसाठी अटल वयो अभ्युदय योजनेच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था सतत देखभालीची गृहे चालवतात. प्रवेश घेताना इमारतीपेक्षा रात्रपाळीबद्दल विचारा : रात्री कूस कोण बदलतो, आणि त्याची नोंद कोणत्या वहीत होते? नोंदवही दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरे ठिकाण पाहा.

हेळसांड होत असल्यास किंवा जवळचा आश्रम शोधायचा असल्यास एल्डरलाइन १४५६७ वर फोन करा. सेवा मोफत असून सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत सुरू असते.