गावच्या घरी इंटरनेट : वेग मोठा की भरवसा मोठा?



बारावीची माझी एक विद्यार्थिनी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातील एका वाडीवर राहते. अभियांत्रिकी प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याचा शेवटचा दिवस होता. सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारी वीज गेली आणि घरातले इंटरनेट बंद पडले. आईच्या आणि भावाच्या मोबाइलमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे होती. काही तासांनी तीही एकदमच मुकी झाली. शेवटी वडिलांच्या मोटारसायकलवर बसून, भिजत, ती पाटणला पोहोचली. तेव्हा मुदत संपायला अर्धा तास उरला होता. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारले, "सर, आमच्या घरी शंभर मेगाबिटचे कनेक्शन आहे. मग असे का झाले?"

२०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन होऊ लागले आहेत. तेव्हा उद्या हा प्रश्न तुमच्याही घरी येईल. त्याचे उत्तर जाहिरातीत सापडणार नाही. तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात मात्र ते बरेचसे आहे. इंटरनेट गावातल्या घरी तीन वाटांनी येऊ शकते. त्या एकेक करून पाहू या.

काचेतून

प्रकाशतंतू म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्या गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा किंचित जास्त असतो. त्यामुळे आतला प्रकाश कडेवर तिरपा आदळला की बाहेर न जाता पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुन्हा आत वळतो. ही काच इतकी शुद्ध असते, की योग्य तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश पंधरा किलोमीटर गेल्यावरही सुमारे निम्मा शिल्लक राहतो! पाऊस, धुके, डोंगर यांची त्याला फिकीर नसते.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे 'भारतनेट' झाली. पण तंतू ग्रामपंचायतीपर्यंत आला म्हणजे तो तुमच्या घरात आला असे नव्हे. शेवटच्या टप्प्यात ही तार बहुधा खांबांवरून आणि झाडांमधून येते. वाऱ्याने पडलेली फांदी, रस्ता खोदणारा जेसीबी, उसाने उंच भरलेली ट्रॉली हे तिचे शत्रू. शिवाय तुटलेला तंतू तांब्याच्या तारेसारखा पिळून जोडता येत नाही. दोन्ही टोके नीट बसवून वितळवून सांधावी लागतात आणि त्यासाठी खास यंत्र लागते. म्हणून कनेक्शन घेताना विचारा : तार जमिनीखालून येणार की वरून? तुटली तर जोडणारा माणूस कोठून येणार आणि किती दिवसांनी?

हवेतून

मोबाइलच्या लहरी टॉवरवरून येतात. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, तर ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची अवघी साडेआठ सेंटिमीटर येते. लांब लहर अडथळ्याच्या कडेवरून अधिक वळते. आखूड लहर डोंगराच्या सोंडेमागे फारशी पोहोचत नाही आणि भिंतीतही जास्त अडते. पण आखूड लहरींच्या पट्ट्यात जागा मोठी असल्याने माहिती पुष्कळ मावते. म्हणून फाइव्ह-जीच्या जाहिरातीतला मोठा वेग बहुधा या आखूड लहरींचा असतो.

आता सांगली जिल्ह्यातील जतचे माळरान डोळ्यांसमोर आणा. जमीन सपाट असेल, तर ४० मीटर उंच टॉवरवरून क्षितिज साडेबावीस किलोमीटरवर दिसते. तेथे गच्चीवर ॲन्टेना बसवून हवेतून आलेले कनेक्शन चांगले चालू शकते. पाटणच्या खोऱ्यात टॉवर दोन किलोमीटरवर असूनही मध्ये डोंगर आला की काम अडते. कंपनी तीच आणि भाडेही तेच, पण भूगोल वेगळा. म्हणून शेजारच्या गावचा सल्ला तुमच्या घराला लागू पडेलच असे नाही.

आकाशातून

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. तुमची मागणी वर जाते, खाली येते. उत्तर पुन्हा वर जाते, खाली येते. या चार खेपांचे अंतर भरते १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. चित्रफीत पाहताना हे जाणवत नाही, बोलताना मात्र खटकते. ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांना हीच खेप शंभरांश सेकंदाच्या आत जमते. मात्र त्यांना मोकळे आकाश लागते. आणि दहा गिगाहर्ट्झच्या पुढच्या लहरी जोराच्या पावसात क्षीण होतात, हे महाबळेश्वर-पाटणकडच्यांनी ध्यानात ठेवावे.

भरवशाचे गणित

समजा, तुमची तार शंभरापैकी ९८ तास चालू असते आणि घरची वीज ९० तास. दोन्ही एकाच वेळी हवीत, म्हणून गुणाकार करा : ०.९८ × ०.९० = ०.८८. म्हणजे शंभरापैकी बारा तास इंटरनेट बंद! इथे शंभराचे दोनशे मेगाबिट करून काय होणार? साखळीची कच्ची कडी वीज आहे. वाय-फायची पेटी सुमारे १० वॅट वीज घेते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. वाया जाणारी ऊर्जा वजा जाता पेटी सहाएक तास चालावी. मात्र ज्या केंद्रातून तार निघते तेथेही बॅटरी आहे का, हे विचारायला विसरू नका.

दुसरे कनेक्शन घेतले तर? समजा, पहिले शंभरात १२ तास बंद असते आणि दुसरे १० तास. तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता ०.१२ × ०.१० म्हणजे शंभरात सव्वा तासाहूनही कमी. पण हा गुणाकार केव्हा खरा? दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी बंद पडत असतील तेव्हाच. माझ्या विद्यार्थिनीची फसगत येथेच झाली होती. कंपन्या दोन होत्या, पण त्यांची यंत्रे एकाच टॉवरवर होती. त्या टॉवरची बॅटरी संपली आणि दोन्ही सिमकार्डे एकदम गेली. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगलीने हेच मोठ्या प्रमाणावर पाहिले. अशा संकटात वीज, रस्ते आणि संपर्क एकमेकांना धरूनच कोलमडतात.

तुम्हीच मोजा

एक वही घ्या. पंधरा दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री नोंद करा : इंटरनेट चालू की बंद, वीज होती का, पाऊस होता का. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलची शक्ती आकड्यात मिळते. −८० चांगली, −११० क्षीण. फरक तीसच दिसतो, पण हे डेसिबेल आहेत. दर दहाला दहापट, म्हणजे तीसला हजारपट! हाच आकडा अंगणात, माडीवर आणि घराच्या चारही बाजूंना घेऊन पाहा. वेगाची नोंद करताना सर्वांत चांगल्या आकड्याखाली रेघ मारू नका, सर्वांत वाईट आकड्याखाली मारा. ज्या कनेक्शनचा वाईट दिवसही निभावून नेता येतो, ते तुमच्या घरचे कनेक्शन.

त्या वाडीवरच्या घरी आता वेग पूर्वीचाच आहे. पेटीला बॅटरी जोडली आहे. भावाचे सिमकार्ड बदलून, नदीपलीकडच्या टॉवरवरून चालणाऱ्या कंपनीचे घेतले आहे. तो टॉवर कोणत्या खिडकीतून चांगला लागतो, हे त्या मुलीनेच मोजून शोधले. मग तुमची वही कधी सुरू होणार? पावसाळा तोंडावर असेल, तर त्याहून चांगला मुहूर्त नाही.